गाडीच्या काचेचं मशीन घरच्या घरी बदलताना

ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली जाते आणि वर यायचं नाव घेत नाही. माझ्या दोन्ही गाड्यांना हे झालं ते भर पावसाळ्यात. सगळ्यात जास्त वर-खाली होणारी काच हीच. टोलनाक्यावर फास्टॅगमुळे थोडी सुटका झाली, पण पार्किंगवाला, सोसायटीचा वॉचमन, पत्ता विचारणं हे सगळं याच खिडकीतून चालतं.

गॅरेजवाले ज्याला 'विंडो मशीन' किंवा नुसतं 'काचेचं मशीन' म्हणतात, तो काच वर-खाली करणारा दारातला पार्ट बदलायला पहिल्यांदा तीन-चार तास लागतात, दुसऱ्यांदा दीड. नटबोल्ट काढता येणाऱ्या कुणालाही हे जमतं. मात्र हात घालण्याआधी मशीनच गेलंय का, हे बघा. माझ्या ओळखीत दोघांनी नवीन मशीन आणलं आणि दोष निघाला बटणात.

इंजिन बंद ठेवा, किल्ली ऑनवर आणा, बटण दाबा आणि कान दाराला लावा. आतून मोटर फिरल्याचा आवाज येतोय, पण काच हलत नाही, तिरकी होते किंवा कटकट असा आवाज होतो, तर बहुतेक काच ओढणारी मशीनमधली पोलादी वायर तुटली आहे किंवा काच धरणारी प्लॅस्टिकची पकड फुटली आहे. म्हणजे मशीन गेलं. काही आवाजच नसेल तर आधी बाकीच्या काचा चालवून बघा. सगळ्याच बंद असतील तर फ्यूज तपासा. मागची किंवा डावीकडचीच चालत नसेल, तर ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो-लॉकचं बटण मुलांनी दाबलेलं नाही ना ते बघा. हसू नका, हे होतं. एकच काच मुकी असेल तर अंधारात आतला दिवा लावून बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर मोटरपर्यंत करंट पोचतोय, आणि अडकली आहे ती मोटर. बटण दाबून धरलं असताना दाराच्या पॅडवर (आतल्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर) मुठीने हलके ठोके दिल्यावर काच एकदा हलली, तर मोटरचे ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत. दिवा अजिबात मंद होत नसेल तर बटण, कनेक्टर किंवा दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीतल्या तारा तपासा. दार हजारो वेळा उघड-बंद होऊन त्या तारा तिथेच तुटतात.

काच फक्त हळू चढत असेल तर खर्च करूच नका. काच ज्यातून सरकते त्या चॅनल रबरातली धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगतं आणि धूळ आणखी चिकटते.

मशीन दोन प्रकारची असतात. जुन्या गाड्यांत आणि काही मोठ्या गाड्यांत कात्रीसारखे हात असलेलं. आजच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये वायरचं: एक किंवा दोन पट्ट्या, त्यावर सरकणारी पकड आणि पोलादी वायर गुंडाळणारा ड्रम. दोन्हींत १२ व्होल्टची मोटर वर्म गिअर फिरवते. वर्म गिअर उलट्या बाजूने फिरत नाही, म्हणून बंद काच बाहेरून दाबून खाली करता येत नाही.

पार्ट घेताना गाडीचा १७ अक्षरांचा चॅसिस नंबर सोबत ठेवा. पुण्यात नाना पेठेत काउंटरवर आधी मॉडेल आणि वर्ष विचारतात, मग 'ड्रायव्हर साइड की लेफ्ट?' आपल्याकडे ड्रायव्हर साइड म्हणजे उजवी. डावं मशीन उजवीकडे बसत नाही, ते आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं असतं. मोटरसकट घ्यायचं की नुसतं मशीन, हे आधी ठरवा. वायर तुटली असेल आणि मोटर धडधाकट असेल तर जुनी मोटर नव्या मशीनवर चढवता येते. पण गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर मी मोटरसकटच घेईन, सहा महिन्यांनी तेच दार पुन्हा कोण खोलणार? मोटरचा कनेक्टर जुन्याशी ताडून बघा. साध्या मोटरला दोन तारा असतात, ऑटो-अपच्या (बटण एकदा दाबल्यावर काच आपोआप पूर्ण वर नेणाऱ्या) मोटरला सहसा जास्त. पॅडच्या पाच-सहा क्लिपाही आणा, दोन तरी तुटतातच.

हत्यारं फार लागत नाहीत: फुली स्क्रू ड्रायव्हर, ८ आणि १० नंबरच्या गोट्या (सॉकेट) एक्स्टेंशनसह, पॅड उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी, रुंद चिकटपट्टी आणि जाड हातमोजे. हातमोजे विसरू नका. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

काच थोडी तरी हलत असेल तर ती अर्धवट खाली आणून ठेवा, पकडीचे बोल्ट पत्र्यातल्या भोकांसमोर यायला हवेत. मग किल्ली काढून बॅटरीची मायनस तार सोडवा. काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर पुढच्या दारातच असतो. अशा गाडीत तार सोडवल्यावर थोडा वेळ थांबा आणि त्या सेन्सरला हात लावू नका.

आता पॅड. आरशाच्या मागचा त्रिकोणी प्लॅस्टिक तुकडा ओढून काढा. आतल्या हँडलच्या कपात आणि दार ओढायच्या खाचेत झाकणाखाली लपलेले स्क्रू असतात. सगळे निघाल्याशिवाय जोर लावू नका. स्क्रू संपले की खालच्या कोपऱ्यातून पट्टी घालून एकेक क्लिप सोडवा, मग पॅड वरच्या दिशेने उचला. लगेच ओढू नका, मागे बटणांचे कनेक्टर आणि लॉकची तार लटकत असते. प्रत्येक जोडणीचा मोबाइलवर फोटो काढा.

पॅडखाली प्लॅस्टिकचा पातळ कागद काळ्या चिकट डिंकाने चिकटवलेला दिसेल. तो फाडू नका. केस वाळवायच्या ड्रायरने डिंक गरम केला की अख्खा निघतो. नीट जपून ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

काचेचे दोन बोल्ट काढा आणि दोन्ही तळव्यांनी काच धरून वर सरकवा. वायर तुटली असेल तर ती सहज येते. मोटर जाम असेल आणि बोल्ट भोकासमोर येत नसतील, तर आधी मोटरचे तीन बोल्ट काढून ती सुटी करा, पण हे फक्त वायरच्या मशीनमध्ये. काच वर गेली की चिकटपट्टीचे तीन-चार पट्टे आतून, फ्रेमवरून, बाहेर असे ओढून ती घट्ट बांधा. दाराची काच टफन्ड असते. पृष्ठभागावर ती बरंच सोसते, पण कडेला पाना लागला तर क्षणात खडीसाखरेसारखे तुकडे होतात.

कात्रीच्या मशीनला मोठी गुंडाळलेली स्प्रिंग असते, काचेचं वजन तोलायला. मोटर काढताच हात सुटून फटकन उसळतो आणि मध्ये आलेलं बोट वाचत नाही. अशा मशीनमध्ये मोटर सोडवण्याआधी मोटर जिला फिरवते ती दातेरी पट्टी आणि मशीनची बैठक यांच्यातून बोल्ट आरपार घालून ती अडकवा. ते जमणार नाही असं वाटलं तर मोटरसकट तयार मशीनच घ्या. मी स्वतः तेच करतो.

मोटरचा कनेक्टर काढा, पट्ट्यांचे बोल्ट काढा, मशीन वाकडं करून खालच्या मोठ्या भोकातून बाहेर घ्या. ते कोणत्या कोनातून निघालं हे लक्षात ठेवा, नवीन त्याच वाटेने आत जातं. बोल्टऐवजी रिव्हेट असतील तर ते ड्रिलने उडवून त्या जागी योग्य मापाचे बोल्ट लावा.

नवीन मशीनवर वायर धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे टाय असतील तर ते दारात बसल्याशिवाय कापू नका, आणि सुट्या मशीनची मोटर हौसेने फिरवू नका. वायर ड्रमवरून सुटली की परत गुंडाळणं घरी होत नाही. सगळे बोल्ट आधी हाताने लावा. बटणाचे आणि एअरबॅगच्या सेन्सरचे कनेक्टर काढले असतील तर ते जोडल्यावरच बॅटरीची तार लावा. पकड भोकांसमोर आणा, चिकटपट्ट्या सोडवून काच हलके खाली उतरवा आणि बोल्ट बेताने लावा. मग काच पूर्ण वर चढवा. ती चॅनलमध्ये आपली जागा घेते, त्या स्थितीत पट्ट्यांचे बोल्ट घट्ट करा. पुन्हा खाली आणून काचेचे बोल्ट आवळा, पण जोर आवरून. काच तिरकी चढत असेल तर आत्ताच दुरुस्त करा, पॅड लावल्यावर नाही.

आता तो कागद. पावसाचं पाणी काचेवरून दारात जातंच, आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते पाणी आणि गाडीच्या आतली बाजू यांच्यामध्ये हा कागदच असतो. पहिल्या खेपेला मी तो अर्धवट चिकटवला, आणि दोन आठवड्यांनी पायाखालचं कार्पेट ओलं, वास असा की खिडकी उघडीच ठेवावी. दारातला सेन्सर हवेचा दाब मोजणारा असेल तर त्यालाही दार नीट बंद लागतं. जुना डिंक सुकला असेल तर नवीन ब्यूटाइल टेप (तसाच चिकट रबरी टेप) लावा आणि खालची कड फिट दाबा. मग बाहेरून काचेवर दोन मग पाणी ओता. ते दाराच्या तळातून पडलं पाहिजे, आतल्या बाजूने नाही.

कनेक्टर आणि लॉकची तार जोडून काच, सेंट्रल लॉक, हँडल सगळं एकदा चालवून बघा, त्यानंतरच पॅड वरच्या कडेला अडकवून क्लिपा दाबा. बॅटरी काढल्यामुळे ऑटो-अप बंद झालं असेल तर पुष्कळ गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की ते परत चालू होतं. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. अँटी-पिंच, म्हणजे मध्ये काही आलं की काच आपोआप थांबते किंवा खाली जाते ती सोय, तपासायची असेल तर वर्तमानपत्राची गुंडाळी मध्ये धरा, हात नको.