लिनक्स ड्रायव्हरमध्ये डीबग संदेश कसे लिहावेत
ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, लिहायला घेतला की पुष्कळ जण आधी दोष शोधण्याचे संदेश छापणारा स्वतःचा डीबग मॅक्रो बनवतात. लिनक्समध्ये तसे करू नये, कारण असा मॅक्रो चालू करायला ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करावा लागतो आणि दोष नेमका अशा यंत्रावर दिसतो जिथे ते शक्य नसते. कर्नेलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, तयार साधने वापरली तर संदेश कोडमध्ये कायम राहतात आणि हवे तेव्हा चालू करता येतात.

प्रोब फंक्शनपासून (उपकरण सापडल्यावर कर्नेल ड्रायव्हरचे जे फंक्शन बोलावतो त्यापासून) पुढे, जिथे उपकरणाचा पॉइंटर हाताशी असतो तिथे, 'डेव्ह_डीबीजी' वापरावे. ते संदेशाआधी ड्रायव्हरचे व उपकरणाचे नाव आपोआप छापते, त्यामुळे एकाच बोर्डावर सारख्या दोन चिप असल्या तरी संदेश कोणत्या चिपचा हे लगेच कळते. उपकरण अजून अस्तित्वात नसेल तिथेच 'पीआर_डीबग' घ्यावे, आणि त्यासाठी 'पीआर_एफएमटी'ची (संदेशाआधी काय छापायचे ते ठरवणाऱ्या मॅक्रोची) व्याख्या सर्व हेडर फायलींच्या आधी करावी.

कर्नेल 'डायनॅमिक डीबग' पर्यायासह बांधलेला असेल, तर हे संदेश सुरुवातीला बंद असतात. ते चालू करण्यासाठी रूट म्हणून डीबगएफएसमधील (डीबगसाठीच्या कर्नेलच्या आभासी फाइल सिस्टिममधील) 'डायनॅमिक_डीबग' डिरेक्टरीच्या 'कंट्रोल' फायलीत 'मॉड्यूल' हा शब्द, मॉड्यूलचे नाव आणि '+पी' असे लिहावे. 'पी'ला 'एफ' व 'एल' जोडल्यास फंक्शनचे नाव आणि ओळीचा क्रमांकही छापला जातो. संदेश डीमेसेजमध्ये (कर्नेलची नोंद दाखवणाऱ्या आज्ञेत) दिसतो पण कन्सोलवर दिसत नाही, असे झाल्यास कन्सोलची पातळी तपासावी: डीबगची पातळी ७ असून कन्सोल आपल्या आकड्यापेक्षा लहान पातळीचेच संदेश छापतो, म्हणून तिथे ८ हवा.

सर्वाधिक जपण्याची गोष्ट म्हणजे संदेशाला दिलेले आर्ग्युमेंट. संदेश बंद असताना त्या आर्ग्युमेंटमधला कोड चालवलाच जात नाही. अनेक चिपमध्ये स्टेटस रजिस्टर वाचताच इंटरप्टचे (चिपने प्रोसेसरला लक्ष देण्यासाठी पाठवलेल्या इशाऱ्याचे) बिट पुसले जातात; असे वाचन 'डेव्ह_डीबीजी'च्या कंसातच केले, तर संदेश चालू असताना ड्रायव्हर नीट चालतो आणि बंद करताच इंटरप्ट अडकून राहतो. शोधायला इतका त्रासदायक दोष क्वचितच असेल. म्हणून रजिस्टर आधी वेगळ्या चलात वाचावे आणि मग ते चल छापावे.

इंटरप्ट हँडलरमधल्या संदेशांसाठी नावाअंती 'रेटलिमिटेड' असलेला प्रकार घ्यावा. तो मुळात ५ सेकंदांत १० संदेशांपर्यंतच छापतो.

प्रोबमधील चुकांसाठी ५.९ आवृत्तीपासून 'डेव्ह_ईआरआर_प्रोब' उपलब्ध आहे. क्लॉक किंवा रेग्युलेटर अजून तयार नसल्यामुळे प्रोब पुढे ढकलला गेला, तर ते डीबग पातळीवरच नोंद करते आणि इतर बहुतेक चुका एरर म्हणून छापते. तेच एरर कोडही परत देत असल्याने छापणे आणि रिटर्न करणे एकाच ओळीत होते.