कोल्हापुरात नवीन आलात? खोली घेण्याआधी गाव समजून घ्या

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली की बरेच जण शहरात न राहता जवळच्या गावात खोली बघतात. मी लातूरहून आलो तेव्हा तेच केलं आणि आता इथलाच झालोय. नवीन येणाऱ्या पोरांना मी सांगतो, भाडं नंतर ठरवा. गाव नेमकं कुठं आहे आणि केवढं आहे ते आधी विचारा.

गावाचं नाव पूर्ण घ्या. कागल तालुक्यात कसबा सांगाव आहे आणि मौजे सांगावही आहे. नुसतं शिरोली म्हणालात तर कुणी करवीर तालुक्यातल्या शिरोली दुमालाला पाठवेल. एमआयडीसीची ती शिरोली पुलाची. ती कोल्हापूरला खेटून असली तरी तालुका हातकणंगले, त्यामुळे तहसीलचं काम निघालं की तिकडंच जावं लागतं.

मग विचारायचं, गाव नदीकाठचं की माळावरचं? आपल्या मराठवाड्याच्या माणसाला हा प्रश्न सुचतच नाही. पंचगंगेचा मोठा पूर इथं २००५, २०१९ आणि २०२१ साली आला. पावसाळ्यात ज्याच्या त्याच्या तोंडी राजाराम बंधाऱ्याची पातळी असते: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. चिखली-आंबेवाडीकडची माणसं पाणी वाढायला लागलं की जनावरं घेऊन बाहेर पडतात. घरमालकाला पुराचं विचारलंत तर तो ‘काय होत नाही ओ’ म्हणणार. त्यापेक्षा शेजारच्या आजींना विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? त्या खिडकीचा गज दाखवतील, वरून चौथा की पाचवा तेही सांगतील. घर उंचावर असलं तरी रस्त्याची चौकशी कराच. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता.

गाव केवढं, हे जुनी माणसं उंबऱ्यांत सांगतात. कागदावरचा आकडा अजून २०११ च्या जनगणनेचाच आहे. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. ग्रामपंचायतीचे सदस्यही लोकसंख्येवरच ठरतात: ७ असतील तर गाव दीड हजाराच्या आतलं, १७ असतील तर साडेसात हजारांच्या वरचं. मोठ्या गावात मेडिकल, खानावळ हाताशी असते. लहान गावात सेकंड शिफ्ट सुटल्यावर वडाप, म्हणजे सीटवर चालणारी जीप-रिक्षा, मिळेल याची खात्री नाही, फाट्यावर उतरून चालत जायची तयारी ठेवा.

एमआयडीसीलगतच्या गावांत भाडेकरू इतके वाढलेत की तो जुना आकडा आता तोकडा पडतो, आणि त्याचा ताण नळाच्या पाण्यावर रोज दिसतो. २०२७ च्या जनगणनेला कर्मचारी दारात आले की तुमचं नाव इथंच सांगा. गावाकडं आईवडील सवयीनं तुम्हालाही धरून मोजतील, म्हणून त्यांना फोन करून आधीच सांगून ठेवा.