फुलफ्रेम घेऊनही फोटोत दाणेच? या चुका टाळा

फोटोत नॉइज (म्हणजे दाणे) दिसला रे दिसला की 'आता फुलफ्रेमच घेतो', म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेराच घेतो, म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय. सेन्सरच्या आकाराने फरक पडतो, वादच नाही. फुलफ्रेम ३६ × २४ मिलिमीटर, त्याहून लहान एपीएस-सी (यालाच क्रॉप म्हणतात) साधारण २३.५ × १५.६. क्षेत्रफळ जेमतेम २.३ पट, म्हणजे फायदा एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जरासाच जास्त. तोही लेन्सचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) आणि शटर (ते किती वेळ उघडं राहतं) तेच ठेवलं तर.

लालबागला आगमनाच्या गर्दीत ग्रुपमधला एक पोरगा रडवेला होऊन आला. "दादा, बॉडी डिफेक्टिव्ह लागली वाटतं." याने क्रॉप बॉडी विकली, सोबत ३५ मिमी एफ १.८ लेन्सही विकली (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) आणि नव्या फुलफ्रेमवर किट झूम, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स, लावून आला. झूम करताच अ‍ॅपर्चर ५.६, आयएसओ (कमी प्रकाशात फोटो उजळ करणारं सेटिंग, वाढलं की दाणे दिसतात) १२,८००. सेन्सरने २.३ पट प्रकाश मिळवून दिला, लेन्सने जवळपास दहापट घालवला! माझी ५० मिमी एफ १.८ त्याच्या कॅमेऱ्यावर चढवली. फ्रेम क्रॉप बॉडीवरच्या त्याच्या जुन्या ३५ एवढीच, शटर तेच आणि आयएसओ उतरला १,२५० वर. बॉडी ठणठणीत होती. ईएमआय मात्र सुरू झालेला. म्हणून माझा हट्ट: आधी लेन्स, मग बॉडी. ऐकतं कोण? सगळ्यांना बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ टाकायची घाई.

शिवडीच्या फ्लेमिंगोंसाठी फुलफ्रेम घेणारे वेगळेच. ३०० मिमीने पक्षी टिकलीएवढा येतो, मग घरी क्रॉप करतात. २४ मेगापिक्सेलचं एपीएस-सीएवढं क्रॉप केलं की हातात उरतात दहा-साडेदहा, आणि मोठ्या सेन्सरचा फायदाही त्या कापलेल्या कडांबरोबर गेला. पैसे लांब लेन्सवर घाला.

आयएसओला घाबरून काळा फोटो काढायचा आणि एडिटिंगमध्ये उजळायचा, हा शॉर्टकट तर बंदच करा. सावल्यांतला सगळा नॉइज वर येतो. ढोलताशा पथकाला मी शटर १/२५० च्या खाली नेत नाही, आयएसओ ऑटोवर सोडतो. दाणे चालतात, हललेला हात चालत नाही.



आणि पावसाळ्यानंतर फोटो धुरकट यायला लागले तर सेन्सरला दोष देण्याआधी लेन्स टॉर्चसमोर धरा. मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवत जा.