पुण्यात जिम शोधताय? आधी एक दिवस सकाळी सहाला बाहेर पडा

पुण्यात नवीन आलेला माणूस पहिलं काय करतो, तर मोबाईलवर जवळची जिम सर्च करतो. मीपण तेच केलेलं, आणि जवळची सोडून सात किलोमीटरवरची चकाचक जिम पसंत केली, वर्षाची फी एकरकमी भरली आणि मोजून अकरा वेळा गेलो. फी परत मिळणार नाही हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं म्हणे. तेव्हापासून माझा नियम एकच, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पंधरा मिनिटांत पोचता येत नसेल तर जागा कितीही भारी असो, सोडून द्यायची. आणि ट्रायलला तुम्ही रोज जाणार त्याच वेळेला जा, दुपारी तीनला सगळी मशीन मोकळीच दिसतात.

टेकड्या असताना जिम लागतेच असंही नाही. सकाळी सहाला उठून खाली या आणि बूट घातलेले काका-काकू कुठे चाललेत ते बघा, बहुतेक टेकडीवरच. शहरातली सगळ्यात उंच वेताळ टेकडी, लॉ कॉलेज रोड, पाषाण, पंचवटी कुठूनही चढता येते आणि नशीब असेल तर मोर दिसतात. फर्ग्युसनच्या मागे हनुमान टेकडी, सहकारनगरवाल्यांना तळजाई. पाण्याची बाटली घरूनच न्या, मुरमावर घसरायला होतं त्यामुळे गुळगुळीत सोलचे बूट नकोत, आणि अंधार पडल्यावर एकट्याने थांबू नका. पर्वतीच्या पायऱ्या १०३, ऐकायला किरकोळ वाटतात, पण पहिल्याच दिवशी पाच फेऱ्या मारल्या तर उतरताना गुडघे बोलायला लागतात, दोनच मारा.

योगासनं नीट शिकायची असतील तर मॉडेल कॉलनीत बी. के. एस. अय्यंगारांची संस्था आहे, १९७५ पासून. दोर, पट्टे, खुर्च्या, लोड घेऊन आसनं करतात, त्यामुळे अंग आखडलेल्या माणसालाही जमतं.

आता खाण्याचं. हेल्दी म्हणून सॅलडचा बोल मागवायचा तर साडेतीनशे जातात, त्यात काकडी किती असते ते तुम्हाला माहितीये. त्यापेक्षा घराजवळचं पोळीभाजी केंद्र शोधा. आत गेलात की मेनूकार्ड नंतर, आधी भाजीच्या पातेल्याची कड बघायची, बोटभर तेलाचा तवंग असेल तर नमस्कार करून बाहेर. नसेल तर विचारा, मोड आलेलं काय आहे आज. आमच्या इथल्या काकू सांगतात, "मटकी संपली, मूग शिजतायत, साडेबाराला या." गरम उसळ, ज्वारीची भाकरी आणि कोशिंबीर, झालं जेवण. अशी जागा मिळाली की रेटिंग बघत बसू नका, दुपारी एकला ऑफिसवाल्यांचे डबे भरले जातायत का तेवढं बघा, डबेवाले रोजचे असतील तर जेवण शिळं नसतं.

भाजी आठवड्याला एकदा मंडईतून किंवा जवळच्या शेतकरी आठवडे बाजारातून आणा, पालेभाजीसाठी लवकर जा.

बागेबाहेर सकाळी दुधी, कारलं, गव्हांकुराचे ज्यूस मिळतात, लोक रांग लावून पितात. प्या हवं तर, पण दुधीचा घोट कडू लागला तर तिथेच थुंकून ग्लास ठेवून द्या, पैसे गेले तरी चालतील. कडू दुधी विषारी असतो, उलट्या-जुलाब होऊन माणसं दवाखान्यात पोचलीत. कारलं कडू लागणारच, दुधी लागता कामा नये.

आणि महिन्यातून एक रविवार सिंहगड, गाडीने नाही, पायथ्याच्या आतकरवाडीतून चालत. वर पिठलं-भाकरी, ठेचा आणि मटक्यातलं दही. कांदाभजीपण असतात, आम्ही दोन प्लेट घेतो, ते धरू नका.