एकचाकी सायकलवरून चढ आणि पाणंद चढताना

हे मार्गदर्शन अगदी नवशिक्यांसाठी नाही. ज्यांना सपाट डांबरी रस्त्यावर एकचाकी सायकलवरून न थांबता किमान एक किलोमीटर जाता येते, दोन्ही बाजूंना वळता येते आणि खांबाचा किंवा भिंतीचा आधार न घेता सीटवर बसता येते, त्यांनीच चढाकडे वळावे. बेळगावच्या आसपास सरावाला जागांची उणीव नाही. शहरात कॅम्प भागातील रुंद, सावलीचे रस्ते आहेत, दक्षिणेला येळ्ळूरहून राजहंसगडाकडे चढत जाणारा रस्ता आहे आणि खानापूर तालुक्यातील तांबड्या मातीच्या गाडीवाटा आहेत. सरावाचा क्रमही हाच ठेवावा, कारण डांबरावर जे साधत नाही ते जांभ्याच्या खडीवर साधण्याची शक्यता नसते.

चढ पायांच्या ताकदीवर चढला जातो, हा समज प्रथम सोडावा लागतो. साध्या एकचाकीला गिअर नसतात आणि पाय थांबवून चाक पुढे जाऊ देण्याची सोयही नसते. पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. २६ इंची चाकावर एका फेरीत सुमारे दोन मीटर अंतर कापले जाते, म्हणजे एका किलोमीटरला जवळपास ४८० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत दोन वेळा पायडल बरोबर वर आणि खाली येतात आणि त्या क्षणी पायाचा जोर चाकाला जवळजवळ लागतच नाही. सपाट रस्त्यावर गतीच्या ओघात हा क्षण निघून जातो, चढावर मात्र चाक तिथेच अडते. त्यामुळे चढ शिकणे म्हणजे मुख्यतः ही उभी अवस्था ओलांडायला शिकणे होय.

यात सर्वाधिक फरक क्रँकच्या, म्हणजे पायडल चाकाच्या आसाला जोडणाऱ्या दांड्याच्या, लांबीने पडतो. स्वार आणि सायकल मिळून ७२ किलो वजन, २६ इंची चाक आणि शंभर मीटरला दहा मीटर चढणारा रस्ता असा हिशेब धरला, तर १२५ मिलिमीटरच्या क्रँकवर पायडलला सरासरी १९ किलोच्या आसपास जोर सतत द्यावा लागतो, तर १५० मिलिमीटरच्या क्रँकवर तोच १६ किलोपर्यंत उतरतो. ही झाली सरासरी; पायडल आडवे असताना लागणारा प्रत्यक्ष जोर याच्या दीडपटीहून अधिक असतो. म्हणून राजहंसगडासारख्या चढासाठी १५० आणि खडकाळ पायवाटेसाठी १६५ मिलिमीटरपर्यंतचे क्रँक घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. महागडे टायर आणि हलकी सीट यांचा विचार त्यानंतर केला तरी चालतो. चाकही फार मोठे नसावे. ३६ इंची चाक लांब सपाट प्रवासाला उत्तम, परंतु तीव्र चढावर ते मोठ्या गिअरसारखे अंगावर येते. २४ किंवा २६ इंची चाक आणि तीन इंचांच्या आसपास रुंदीचा टायर ही आपल्याकडच्या वाटांसाठी योग्य जोडी आहे.

हब (चाकाच्या मधला, आस असलेला भाग) आणि क्रँक दातेरी जोडणीचे असावेत, कारण चढावर जोराने पायडल मारताना साधी चौकोनी जोडणी हळूहळू सैल होते. चाक बसवताना डावा क्रँक डावीकडेच आला आहे ना, हेही आवर्जून पाहावे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. एकदा पंक्चर काढल्यावर मी स्वतःच चाक उलटे बसवले आणि दोन-तीन किलोमीटरांतच पायडल आपोआप सुटून हातात आले. दोष माझाच होता, पण त्या दिवशी सायकल खांद्यावर घेऊन परतताना बांधावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलेच, ‘दुसरं चाक कुठं टाकलास रे?’

आता बसण्याविषयी. चढावर चाक जमिनीला जिथे टेकते तो बिंदू आसाच्या बरोबर खाली नसतो, थोडा पुढे, चढाच्या बाजूला सरकलेला असतो. तोल राहण्यासाठी शरीराचा भार त्या बिंदूवर यावा लागतो. वर सांगितलेल्या दहा टक्क्यांच्या चढावर हे अंतर जेमतेम सव्वातीन सेंटीमीटर असते आणि वीस टक्क्यांवर साडेसहा सेंटीमीटर. म्हणजे पुढे झुकायचे ते थोडेच. बहुतेकांची चूक अशी होते की ते कमरेतून वाकतात, त्यामुळे छाती पुढे जाते खरी, पण नितंब तितकेच मागे सरकतात आणि भार होता तिथेच राहतो. कंबर ताठ ठेवून सीटसह सगळे अंग एकत्र पुढे कलले पाहिजे. सीटची उंची सपाट रस्त्याइतकीच, म्हणजे पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील अशी ठेवावी. सीट फार खाली असली तर मांड्या लवकर भरून येतात.

मध्यम चढावर बसूनच, लहान आणि एकसारख्या जोराने पायडल मारत राहावे. वरचा पाय उभी अवस्था ओलांडण्याच्या किंचित आधीच पुढे ढकलायला लागावा आणि खालच्या पायाने वर येताना वजन काढून घ्यावे, कारण मागचा पाय नकळत पायडल दाबून ठेवतो आणि आपण आपल्याशीच झगडत राहतो. चढ तीव्र झाला की एका हाताने सीटच्या पुढचे हँडल घट्ट धरून वर ओढावे आणि सीटवरून थोडे उठून संपूर्ण वजन पायडलवर द्यावे. दुसरा हात तोलासाठी मोकळा ठेवावा. अशा वेळी गती अगदी मंद होते आणि प्रत्येक अर्धी फेरी हे एक स्वतंत्र पाऊल ठरते. पायडल आडवे आल्यावर क्षणभर थांबायचे, श्वास सोडायचा आणि पुढची अर्धी फेरी मारायची. हा क्षणभराचा विराम सपाट जमिनीवर आधी शिकून घ्यावा. दोन्ही पायडल आडवे ठेवून दोन सेकंद स्थिर राहता येऊ लागले की चढावरची निम्मी धाप कमी होते. रस्ता रुंद आणि निर्मनुष्य असेल तर नागमोडी जाऊन चढ सौम्य करता येतो. वाहतूक असेल तिथे हा प्रयोग मुळीच करू नये आणि गोव्याकडे जाणाऱ्या वाहनांची वर्दळ असलेल्या चोर्ला घाटात तर एकचाकी नेऊच नये.

चढावर मध्येच उतरावे लागले तर पुन्हा बसणे कठीण जाते, कारण चाक मागे घसरते. त्यासाठी सायकल रस्त्याला आडवी धरून बसावे, दोन-तीन फेऱ्या आडव्या मारून तोल सावरावा आणि मगच चाक चढाकडे वळवावे. पायवाटेवर तेवढी जागा नसेल तर चाकामागे एखादा दगड टेकवून घेतला तरी चालते.

पाणंदीत शिरल्यावर जमिनीचा विचार सुरू होतो. टायरमधील हवा रस्त्यापेक्षा कमी करावी. तीन इंची टायरला वजनानुसार १५ ते २० पीएसआय पुरते. जांभ्याची सुटी खडी बेअरिंगच्या गोळ्यांसारखी चाकाखालून निसटते. तिथे उठून झटके देण्याऐवजी सीटवर बसून सावकाश जोर द्यावा. बैलगाडीची चाकोरी उथळ असेल तर तिच्यातून जावे, पण पायडल तिच्या काठाला लागण्याइतकी खोल असेल तर मधल्या उंचवट्यावरून जावे आणि ती ओलांडायची झाल्यास काटकोनातच ओलांडावी. दगड किंवा मूळ समोर आले की चाक त्याला भिडण्याच्या क्षणी पायडल आडवे आणि आपला जोरकस पाय पुढे असेल, अशी पावले आधीपासून मोजत जावे. नजर चाकावर नको, तीन-चार मीटर पुढे हवी.

जून ते सप्टेंबर या काळात जांभ्यावर शेवाळ चढते आणि येळ्ळूर, वडगावकडच्या काळ्या मातीच्या शेतवाटा तर टायरला चिकटून चाकच अडवतात, म्हणून पाणंदीचा सराव दिवाळीनंतर करावा. कणकुंबी आणि जांबोटीच्या बाजूचे जंगल मोहात पाडते, परंतु तेथील बराच भाग २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्याशी जोडलेला आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यात शिरू नये. तिथे गवे आणि अस्वले आहेत आणि एकचाकीवरून चटकन मागे वळता येत नाही.

चढताना पडण्याची पद्धत ठरलेली असते. चाक अडते आणि स्वार मागे, म्हणजे उताराच्या बाजूला येतो. तिथे जमीन अपेक्षेपेक्षा खाली असते, म्हणून गुडघे सैल ठेवून पायांवर उतरावे आणि हँडल सोडू नये. नडगीचे आणि गुडघ्याचे पॅड, मनगटाचे संरक्षण आणि हेल्मेट हवेच, कारण पायडलच्या खिळ्यांनी नडगी सोलून निघते. वर पोहोचल्यावर लगेच खाली सुटू नये. उतारावर चाक पायांनी रोखत राहिले तर गुडघे दुखतात. हँडलखाली ब्रेकची कळ असेल तर ती हलक्या हाताने सतत दाबून ठेवावी, आणि ब्रेक नसेल तर सायकल हातात धरून चालत खाली यावे.