जलदुर्गावर इतिहास परिषद? पंचांग आणि विजेरी सोबत ठेवा

कोकणातल्या इतिहास परिषदेला निघताना कार्यक्रमपत्रिकेबरोबर पंचांगही बघा. सिंधुदुर्ग असो, जंजिरा असो, होडी भरती-ओहोटी बघूनच सुटते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. नेमकी वेळ मात्र तिथल्या होडीवाल्यालाच विचारा. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

दुसरी गोष्ट, चांगली विजेरी. शिलालेख किंवा झिजलेलं शिल्प समोरून उजेड टाकला की सपाट दिसतं. विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने तिरपा प्रकाश टाका, पुसट अक्षरांच्या कडा सावलीने उठून येतात. जंजिऱ्याच्या महादरवाज्याजवळचं शरभशिल्प (शरभ म्हणजे सिंहासारखा काल्पनिक पशू) असं बघाच. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, पाणी काहीही लावू नका. अभ्यासकसुद्धा असं करतात, फार वाईट वाटतं.

मुरुडजवळच्या पद्मदुर्गावर जायची संधी मिळाली तर सोडू नका. तिथे खाऱ्या वाऱ्यालाटांनी तटाचे दगड झिजून आत गेलेत आणि सांध्यातला चुना तसाच पुढे उभा आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. इथे फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा, झीज किती खोल आहे ते नंतर कळतं.

चपला घट्ट, शेवाळावर न घसरणाऱ्या हव्यात. पिण्याचं पाणी आपलं आपण न्या.