थायलंडचा निवृत्ती व्हिसा: आठ लाख बाट कुठून आले, कधी आले, किती दिवस राहिले

मी नाशिकला एका बँकेच्या परकीय चलन विभागात होते. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि आम्ही दोघं चियांग माईला राहायला आलो. तेव्हापासून ओळखीतले कोणी ना कोणी फोन करून विचारतात, "तिकडच्या व्हिसाला पैसे किती लागतात हो?" मी आकडा सांगते, पण लगेच तारखा लिहून घ्यायला लावते. कारण पैसे असूनही अर्ज अडलेला मी पाहिला आहे, आणि दरवेळी घोळ तारखांचाच होता.

आधी नियम. वय ५० पूर्ण हवं. मग तीनपैकी एक दाखवायचं: थाई बँकेत आठ लाख बाट, किंवा दरमहा ६५,००० बाट उत्पन्न, किंवा वर्षाचं उत्पन्न आणि बँकेतली शिल्लक मिळून आठ लाख. बाटाचा भाव पावणेतीन रुपये धरला तर आठ लाख बाट म्हणजे २२ लाख रुपये. ६५,००० बाट म्हणजे महिन्याला पावणेदोन लाखांच्या वर. आपल्याकडच्या किती पेन्शनरांना तेवढी पेन्शन असते? मिश्र पद्धत नियमात आहे, पण उत्पन्नाचा कोणता पुरावा चालेल हे प्रत्येक इमिग्रेशन ऑफिस आपल्या परीने ठरवतं. म्हणून मी सगळ्यांना आठ लाखांचाच रस्ता सांगते.

व्हिसाचे प्रकार दोन लक्षात ठेवा. 'ओ-ए' भारतातूनच मिळतो आणि त्यासाठी पैसे भारतीय बँकेत दाखवले तरी चालतात. पण त्याला पोलिसांचा दाखला, वैद्यकीय दाखला आणि तीस लाख बाटांचा आरोग्य विमा लागतो, आणि विम्याची अट पुढच्या मुदतवाढीलाही चिकटून राहते. सत्तरीनंतर असा विमा मिळणं कठीण आणि महागही. साधा 'ओ' ९० दिवसांचा असतो, इथे आल्यावर तो वर्षावर्षाने वाढवायचा, आणि त्या वाढीला विमा मागत नाहीत. तरीही विमा काढाच, पण आपल्याला झेपेल तेवढा, आपल्या सोयीने. दहा वर्षांचा 'ओ-एक्स' ठरावीक देशांच्या नागरिकांसाठी आहे, त्या यादीत भारत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका.

आता 'ओ'चे ते ९० दिवस. सगळी कसोटी इथेच आहे. वर्षाच्या मुदतवाढीचा अर्ज करायच्या दिवशी आठ लाख बाट तुमच्या खात्यात पूर्ण दोन महिने असायला हवेत. अर्ज ८५व्या दिवशी करायचा म्हटलं, तर पैसे २५व्या दिवसाच्या आत जमा झालेले हवेत. म्हणजे उतरल्यापासून तीन आठवड्यांत घर भाड्याने घ्यायचं, पत्त्याचा कागद मिळवायचा, खातं उघडायचं आणि नाशिकहून पैसे आणायचे. खातं उघडण्याबाबत एका शाखेत नकार मिळाला तर त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत जा, उत्तर शाखेगणिक बदलतं. खातं एकट्याच्या नावावर काढा. जोडखात्यातल्या आठ लाखांवर एकाचाही अर्ज मंजूर होईल याची खात्री नसते.

पैसे पाठवायची तयारी निघण्याआधी भारतात करायची. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली निवासी माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची चिंता नाही. बँकेत ए-२ फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवायचा अर्ज, भरायचा, त्यात परदेशी खातं उघडण्यासाठीचा कोड एस ००२३. तुमच्या बँकेत हे नेट बँकिंगने होतं की शाखेत हजर राहावं लागतं, हे शाखेत जाऊन विचारा आणि सोय चालू करून घ्या. भारतातलं सिम रोमिंगवर ठेवा. ओटीपी आला नाही तर २२ लाख खात्यात असूनही हलत नाहीत. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच पाठवायचं. आपल्याकडे पॅनवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं आणि पासपोर्टवर कधी नसतं. तेवढ्यानेही स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून, पाठवलेले पैसे अडकतात.

टीसीएसचं, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या कराचं, गणित कागदावर मांडून घ्या. वर्षात दहा लाखांपुढच्या रकमेवर २० टक्के कापले जातात. २२ लाख एकाच वर्षात पाठवले तर बारा लाखांवर दोन लाख चाळीस हजार. हे पैसे बुडत नाहीत, आयकर खात्याच्या २६-एएस या कर-उताऱ्यात दिसतात आणि विवरणपत्र भरलं की करातून वळते होतात किंवा परत येतात. पण पाठवायच्या दिवशी खात्यात ते वेगळे असायला हवेत. प्रवासाची तारीख तुमच्या हातात असेल तर मार्चच्या मध्याला निघा. दहा लाख ३१ मार्चच्या आत पाठवा, उरलेले १ एप्रिलनंतर. मग टीसीएस फक्त दोन लाखांवर लागतो, म्हणजे चाळीस हजार. रूपांतराचा खर्च आणि मधल्या बँकांचे चार्जेस जातात, म्हणून आठ नव्हे, सव्वाआठ लाख बाट पोचतील असा हिशोब धरा. डेबिट कार्डाची वर्षाची फी कापली जाऊन शिल्लक ७,९९,८०० झाली, तर ती आठ लाख धरत नाहीत.

मुदतवाढ मिळाली म्हणजे पैसे मोकळे झाले, असं समजू नका. शिक्का बसल्यावर पुढचे तीन महिने आठ लाख जागेवरच राहतात. त्यानंतर चार लाखांपर्यंत उतरता येतं, त्याखाली एक दिवसही नाही, आणि पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा आठ लाख. समजा तुमची मुदत २० सप्टेंबरला संपते आणि तुम्ही १ सप्टेंबरला अर्ज करता. तर १ जुलैला आठ लाख हवेत, मी तर १५ जूनच धरते. काही ऑफिसं तीन महिने जुनी मुदत संपल्यापासून मोजतात, म्हणून २० डिसेंबरपर्यंत हात लावायचा नाही. डिसेंबरअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत वरचे चार लाख वापरता येतात. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर या तारखा लाल पेनाने लिहिलेल्या असतात, संकष्टीच्या वर. शक्य असेल तर व्हिसाचं खातं आणि घरखर्चाचं खातं वेगळी ठेवाच. थायलंडमध्ये एका बँकेत दहा लाख बाटांपर्यंतची ठेव सुरक्षित असते, तेव्हा ही रक्कम त्यात बसते.

दरमहा उत्पन्नाचा मार्ग ज्यांना जमतो त्यांच्यासाठी एकच गोष्ट: पासबुकात रक्कम परदेशातून आल्याची नोंद दिसली पाहिजे. काही ॲप पैसे इथल्याच एखाद्या बँकेतून खात्यात टाकतात, मग ती नोंद देशांतर्गत दिसते आणि ऑफिसात मोजली जात नाही. पहिली रक्कम आली की पासबुक छापून नोंद बघा.

अर्जाच्या दिवशी सकाळी आधी बँकेत जायचं. खात्यात शंभर बाट भरायचे, पासबुक त्याच तारखेचं छापून घ्यायचं, शिल्लक सांगणारं बँकेचं पत्र आणि वर्षाचं स्टेटमेंट घ्यायचं. मग इमिग्रेशन ऑफिसात न्यायचं ते: मुदतवाढीचा टीएम-७ फॉर्म, फोटो, पासपोर्टच्या प्रती, तुम्ही त्याच्या घरी राहता अशी घरमालकाने केलेल्या टीएम-३० नोंदीची पावती आणि १,९०० बाट. प्रत्येक प्रतीवर सही.

चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगल जाळल्याचा धूर भरतो. ह्यांना दमा आहे, म्हणून तेव्हा आम्ही नाशिकला असतो. तुम्हीही बाहेर जाणार असाल तर आधी री-एन्ट्री परमिट घ्या: एका वेळचं १,००० बाट, कितीही वेळांचं ३,८००. ते न घेता विमानात बसलात तर वर्षाची मुदतवाढ तिथेच संपते आणि आठ लाखांची सगळी तपश्चर्या पुन्हा पहिल्यापासून.

काही एजंट सांगतात, पैसे नसले तरी चालतील, आम्ही खात्यात दाखवतो. कृपा करून या वाटेला जाऊ नका. खोट्या कागदावर मिळालेला शिक्का उघडकीला आला तर परदेशात, उतारवयात, देश सोडण्याची वेळ तुमच्यावर येते, एजंटवर नाही. आठ लाख अडकवून ठेवणं परवडत नसेल तर वर्षातून एक-दोन महिने पर्यटक म्हणून या. तोही आनंद कमी नाही.

कराकडे लक्ष द्या. वर्षात १८० दिवस किंवा अधिक इथे राहिलात तर तुम्ही थायलंडचे करनिवासी. १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेलं परदेशी उत्पन्न इथे आणलं तर ते कराच्या कक्षेत येतं, त्याआधीची बचत येत नाही. म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची शिल्लक दाखवणारं स्टेटमेंट काढून ठेवा आणि आठ लाख शक्यतो त्याच खात्यातून पाठवा. नवी पेन्शन आणि जुनी बचत एका खात्यात मिसळू नका. दोन्ही देशांत दुहेरी करमुक्तीचा करार आहे, पण त्याचा फायदा घ्यायला कागद लागतात. इथे कायमचं राहायचं ठरलं की भारतातल्या बँकेला कळवून खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं, करून घ्या. मग एलआरएस लागू नाही, पेन्शन एनआरओतून आणायची.

शेवटचं बायकांसाठी, आणि हे मी फोनवर नेहमी नवऱ्यांना बाजूला ठेवून बोलते. एकाच्या आठ लाखांवर जोडीदाराला अवलंबित म्हणून मुदतवाढ मिळते. त्यासाठी विवाह दाखला राज्याचा गृह विभाग, परराष्ट्र मंत्रालय आणि थाई दूतावास अशा क्रमाने साक्षांकित करून आणा. पैसे वाचतात, खरं आहे. पण नवरा गेला तर त्याचं खातं गोठतं, ते सोडवायला कोर्टातून जावं लागतं, आणि तुमचा व्हिसा त्याच्याच व्हिसावर उभा असतो. म्हणून तुमच्या नावाचं थाई खातं पहिल्याच महिन्यात उघडा, त्यात निदान परतीचा आणि सहा महिन्यांचा खर्च ठेवा. नवऱ्याच्या थाई खात्यापुरतं मृत्युपत्र इथल्या वकिलाकडून थाई भाषेत करून घ्या. आणि तुमचं वय पन्नाशीच्या पुढे असेल, भारतात स्वतःची ठेव असेल, तर थोडेथोडे करून तुमचे वेगळे आठ लाख बाट जमवायला सुरुवात करा.